पाऱ्याची फाईल परतपरत का येते: सोलापूरच्या साइटवरून

चिंचोली एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याने दोन मजली नवं ऑफिस बांधलं. खाली कॅन्टीन आणि कापड तपासणीची लॅब, वर मार्केटिंग, अकाउंट आणि परदेशी खरेदीदारांना बसवायची खोली. खरेदीदारांच्या आग्रहावरून मालकांनी ‘वेल’ प्रमाणपत्र (इमारत वापरणाऱ्यांच्या आरोग्याचा विचार करून दिलं जाणारं) घ्यायचं ठरवलं आणि साहित्याच्या कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं. ॲस्बेस्टॉसचे आणि शिशाचे कागद पहिल्याच फेरीत मंजूर झाले. पाऱ्याची फाईल, म्हणजे बसवलेल्या सामानात पारा हा विषारी धातू नाही किंवा मर्यादेत आहे याचे कागद, तीनदा परत आली.

तिन्ही वेळा शेऱ्याचा अर्थ तोच होता: जोडलेला कागद बसवलेल्या वस्तूचाच आहे असं यातून दिसत नाही. नंतर होटगी रोडवरच्या एका छोट्या रुग्णालयाच्या कामातही हाच शेरा आला. या क्षेत्रातल्या दोघातिघांशी बोलले तर त्यांचीही तीच रडकथा. सगळ्यांची समजूत अशी की प्रमाणपत्रासाठी कागद तपासणारा उगाच अडवतोय. मलाही दुसऱ्या फेरीपर्यंत तसंच वाटत होतं. तिसऱ्या फेरीनंतर पूर्ण फाईल जमिनीवर पसरून एकेक कागद वाचला तेव्हा कळलं की त्यांचं बरोबर आहे. इमारतीत पारा होता की नव्हता हा प्रश्न फार पुढचा. आमचा कागद एका वस्तूबद्दल बोलत होता आणि छताला दुसरीच लागली होती.

आधी मागणी नीट वाचा

वेलच्या दुसऱ्या आवृत्तीत पारा एक्स०१ या अटीत येतो. ही अट अनिवार्य आहे, गुण मिळवायची नाही. म्हणजे ती सुटली तर बाकी सगळं अडतं. प्रश्न नव्याने बसवलेल्या वस्तूंचा असतो आणि पाऱ्यापुरती ती यादी जवळपास सगळी विजेच्या सामानाची आहे: दिवे, एक्झिटचे उजळ फलक, थर्मोस्टॅट, स्विच, रिले, सेन्सर, मीटर, फायर अलार्म. २०१४ च्या पहिल्या आवृत्तीत भाषा जरा वेगळी होती. तिथे मर्क्युरी व्हेपर आणि प्रोब-स्टार्ट मेटल हॅलाइड दिव्यांना सरळ मनाई होती आणि एक्झिट फलकात एलईडीसारखेच दिवे चालत. हरित इमारतींच्या ‘लीड’ रेटिंगच्या चौथ्या आवृत्तीत रुग्णालयांसाठी पाऱ्याची स्वतंत्र पूर्वअट आहे, त्यात टी-९, टी-१० आणि टी-१२ नळ्या बाद आहेत. टी-१२ म्हणजे आपल्याकडची ती जुनी, जाड, चोकवाली ट्यूब.

तुमचा प्रकल्प ज्या आवृत्तीत नोंदला आहे तिचाच मजकूर छापून समोर ठेवा. मी पहिल्या फेरीत जुन्या कामाचा तक्ता उचलून नव्या कामाला लावला होता, त्यात सेन्सर आणि मीटरचा रकानाच नव्हता.

‘सर्व माल पारामुक्त आहे’ असं पत्र

सगळ्यात जास्त फायली इथे अडकतात. इलेक्ट्रिकचं सामान नवी पेठेतल्या दुकानातून आलं होतं. दुकानदारांकडे पत्र मागितलं. चार दिवसांनी त्यांच्या लेटरहेडवर पत्र आलं, शिक्का, सही सगळं व्यवस्थित. आत लिहिलं होतं की पुरवलेले सर्व दिवे ५० अंशांपर्यंत चालतात.

मी फोन केला तर ते म्हणाले, “मॅडम, तुम्हीच म्हणालात की पाऱ्याचं लिहून पाहिजे. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातोय, म्हणून ५० लिहिलंय की.”

त्यांची काही चूक नव्हती. सोलापुरात ‘पारा’ म्हटलं की माणसाला ऊनच आठवणार. तेव्हापासून मी दुकानदारांशी बोलताना ‘मर्क्युरी’ म्हणते आणि कागदावर ‘मर्क्युरी, एचजी, सीएएस क्रमांक ७४३९-९७-६’ असं पूर्ण लिहिते. सीएएस म्हणजे रासायनिक पदार्थाच्या ओळखीचा क्रमांक, आणि हा मूळ धातूचा आहे. सेफ्टी डेटा शीट किंवा हेल्थ प्रॉडक्ट डिक्लरेशन या घटकांची माहिती देणाऱ्या कागदांत शोधायचं तर नावापेक्षा क्रमांकाने शोधणं सोपं जातं, स्पेलिंग चुकायची भीती नाही.

दुसरं पत्र आलं ते बरोबर विषयावर होतं: ‘आमच्याकडून पुरवलेला सर्व माल मर्क्युरी फ्री आहे.’ ते मी लावलं आणि फाईल परत आली. का, ते आता स्पष्ट दिसतं. दुकानदार माल विकतो, बनवत नाही. दिव्याच्या आत काय आहे हे त्याला खोक्यावर छापलंय तेवढंच माहीत. आणि ‘सर्व माल’ म्हणजे कोणता? पत्रात एकही मॉडेल नंबर नव्हता. ते पत्र अकलूजच्या कामालाही तसंच्या तसं चाललं असतं.

पत्र उत्पादकाचं हवं. त्यात मॉडेल नंबर हवा, बिलावर आहे तसाच, शेवटच्या अक्षरापर्यंत. तारीख हवी, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा हवा, आणि कोणत्या नियमाच्या किती मर्यादेबद्दल बोलतोय ते हवं. शेवटच्या अक्षरावर मी इतका जोर देते त्याला कारण आहे. आमच्या दोन बाय दोनच्या ३६ वॅटच्या पॅनेल दिव्यांचं पत्र होतं, कंपनीचंच होतं, तरी परत आलं. पत्रातल्या नंबरच्या शेवटी एक अक्षर होतं, बिलावर दुसरं. कंपनीला विचारल्यावर कळलं की शेवटचं अक्षर बदललं की आतला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) बदलतो. तपासणाऱ्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी उत्पादनं आहेत, आणि खरंच आहेत. अशा वेळी उत्पादकाकडून पूर्ण मालिकेचं पत्र घ्या, पण त्यात मालिकेतले सगळे नंबर यादीने यायला हवेत. ‘आणि तत्सम मॉडेल्स’ असं लिहिलेलं पत्र घेऊच नका.

‘रोह्स’ म्हणजे ‘पारा नाही’ असं नव्हे

हा भाग जरा हळू वाचा, कारण इथली चूक चांगल्या जाणत्या इंजिनियरकडूनही होते.

रोह्स हा घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा मूळ युरोपचा नियम. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये पाऱ्याची मर्यादा ०.१ टक्का, म्हणजे १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार). आपल्याकडे ई-कचरा नियमांत हीच मर्यादा आहे. २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांतही ती कायम आहे. पण ही मर्यादा पूर्ण वस्तूच्या वजनावर लागत नाही. ती एकजिनसी पदार्थावर लागते. वायरचं प्लॅस्टिक आवरण हा एक पदार्थ, आतलं तांबं दुसरा, डाख तिसरा. यातल्या प्रत्येकात स्वतंत्रपणे ०.१ टक्क्याच्या आत असावं लागतं.

आता फ्लुरोसंट नळी घ्या. ती पाऱ्याच्या वाफेवरच चालते, पारा नसेल तर पेटणारच नाही. म्हणून नियमात अशा दिव्यांना वेगळी सवलत ठेवली होती आणि तिची मर्यादा टक्क्यांत नसून प्रत्येक दिव्यामागे मिलिग्रॅममध्ये होती. युरोपच्या यादीत ३० वॅटखालच्या साध्या सीएफएलला २.५ मिलिग्रॅम, टी-५ नळीला ३ आणि टी-८ नळीला ३.५ मिलिग्रॅम. म्हणजे टी-८ नळीच्या खोक्यावर ‘रोह्स’ लिहिलेलं असू शकतं आणि आत पाराही असू शकतो. दोन्ही खरं. युरोपने २०२३ मध्ये या नेहमीच्या नळ्यांच्या सवलती बंद केल्या, पण आपल्या बाजारात जुना साठा अजून फिरतो.

आम्ही कुठे फसलो ते सांगते. एका पुरवठादाराने चार फुटी नळीसाठी पत्र दिलं: ‘पाऱ्याचं प्रमाण १००० पीपीएमपेक्षा कमी.’ मी खूश. नंतर वहीवर हिशोब मांडला. चार फुटी टी-८ नळीचं वजन साधारण पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम. दोनशे ग्रॅमचा ०.१ टक्का म्हणजे २०० मिलिग्रॅम. नळीत पारा असतो तीन-साडेतीन मिलिग्रॅम, म्हणजे एकूण वजनाच्या जेमतेम १८ पीपीएम. पूर्ण नळीचं वजन धरलं तर जुन्यातली जुनी ट्यूबही या कसोटीत आरामात पास होते. ते वाक्य खोटं नव्हतं. पण त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं.

म्हणून दिव्याच्या बाबतीत पीपीएमचं पत्र स्वीकारू नका. एलईडी असेल तर ‘प्रकाशस्रोत एलईडी, मर्क्युरी नाही’ असं स्पष्ट वाक्य मागा. एलईडीच्या चिपमध्ये पारा लागत नाही, त्यामुळे उत्पादकाला ते लिहून देण्यात काही अडचण नसते. एलईडी नसेल तर ‘प्रत्येक दिव्यात इतके मिलिग्रॅम’ असा आकडा मागा. स्विच, रिले, सेन्सर, थर्मोस्टॅट यांना मात्र पीपीएमचं रोह्स पत्र चालतं.

मी तर म्हणेन, नव्या इमारतीत फ्लुरोसंट बसवूच नका. कागदाचा त्रास हे दुय्यम कारण. मुख्य कारण शेवटी सांगते.

कागद कोणत्या काळातला आहे

पत्रावर कोणत्या निर्देशाचा क्रमांक आहे ते बघा. २००२/९५/ईसी लिहिलं असेल तर तो कागद पहिल्या रोह्सच्या काळातला आहे. तो नियम जानेवारी २०१३ मध्ये रद्द झाला. चालू आहे तो २०११/६५/ईयू, आणि २०१५/८६३ च्या दुरुस्तीने त्यात चार थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं) वाढले. पाऱ्याची मर्यादा या सगळ्यांत तीच राहिली हे खरं, पण आजच्या मालाला दहा-बारा वर्षांपूर्वीच्या क्रमांकाचं पत्र जोडलं की तपासणाऱ्याच्या मनात शंका येणारच. आमच्या फाईलमध्ये असे दोन कागद होते. तारीख ताजी, क्रमांक जुना. कोणीतरी नुसती तारीख बदलून छापलं होतं.

याच जोडीला पुरवठादार हमखास काय पाठवतात तेही सांगते. आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र. ते कारखान्याच्या व्यवस्थापन पद्धतीचं आहे. बीआयएस नोंदणीची प्रत. ती विजेच्या सुरक्षिततेची आहे, शॉक आणि आग यांची. ऊर्जा बचतीच्या ताऱ्यांचं लेबल. यातलं एकही पाऱ्याबद्दल एक शब्द बोलत नाही. पानं वाढवण्यासाठी हे जोडू नका, उलट तपासणाऱ्याला खरा कागद शोधावा लागतो.

प्रयोगशाळेचा अहवाल मिळाला तर पद्धत बघा. प्लॅस्टिक, धातू आणि इलेक्ट्रॉनिक भागांतला पारा मोजायला आयईसी ६२३२१ मालिकेचा चौथा भाग वापरतात. फ्लुरोसंट दिव्यातल्या पाऱ्यासाठी नमुना तयार करायची पद्धत वेगळी, आयईसी ६२५५४. हातात धरायच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी घटक ओळखणाऱ्या) यंत्राने ट्यूबच्या काचेवर घेतलेलं माप दिव्यातला पारा सांगत नाही. मला एकाने असा अहवाल पाठवला होता, ‘आढळला नाही’ असा शेरा, खाली ट्यूबचा फोटो.

ज्या वस्तू कोणाच्या यादीतच नसतात

आमच्या दिव्यांचे कागद मार्गी लागल्यावर मला वाटलं काम संपलं. मग एका दुपारी इलेक्ट्रिक कंत्राटदार अण्णा आणि त्यांचे फोरमन मामा यांच्यासोबत इमारत गच्चीपासून खालपर्यंत पायी फिरले. हातात यादी न घेता, नुसतं जे दिसेल ते लिहीत. त्या दोन तासांत जे सापडलं ते तीन महिन्यांच्या ईमेलमध्ये सापडलं नव्हतं.

गच्चीवर पाण्याच्या टाकीत फ्लोट स्विच. मामा म्हणाले, “ते अंड्यासारखं असतंय बघा मॅडम, आत गोळी असती नाहीतर पारा असतोय. हलवून बघितलं तर कळतंय, गोळी खडखड वाजती.” हलवून बघणं हा काही पुरावा नाही, पण कुठे विचारायचं ते त्यातून कळलं. केबलवाल्या फ्लोट स्विचमध्ये दोन्ही प्रकार येतात. आमचा नवा होता, पण स्थानिक दुकानातून रोखीने घेतलेला, कंपनीचं नाव अर्धं पुसलेलं. त्याचा कागद मिळणं शक्य नव्हतं. बदलून मायक्रोस्विचचा घेतला, खर्च फार नव्हता.

एसीच्या एएचयूमध्ये (थंड हवा पुरवणाऱ्या यंत्रात) कॉइलसमोर यूव्हीचे दिवे. ही जागा लक्षात ठेवा. वेलच्या हवेबद्दलच्या भागात कॉइलवर बुरशी वाढू नये म्हणून हे दिवे सुचवले जातात, म्हणून एसीवाल्याने ते चांगल्या हेतूने लावले. पण २५४ नॅनोमीटरचे हे नेहमीचे दिवे कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेचेच असतात. एका विभागासाठी केलेलं काम दुसऱ्या विभागात अडचण करतं, आणि दोन्ही विभाग बघणारी माणसं वेगळी असली तर हे कोणालाच दिसत नाही. आम्ही दिव्याच्या उत्पादकाकडून मिलिग्रॅमचा आकडा घेतला आणि प्रश्न दडवून न ठेवता तपासणाऱ्यालाच आधी लेखी विचारला.

कॅन्टीनच्या भिंतीवर माश्या मारायचं निळ्या उजेडाचं यंत्र. त्यातल्या निळ्या नळ्या फ्लुरोसंटच. ते बांधकामाच्या बिलात नव्हतंच, कॅन्टीन चालवणाऱ्याने आणून टांगलं होतं.

आणि लॅबमधली शेड मॅचिंगची पेटी. टॉवेलचा रंग खरेदीदाराच्या नमुन्याशी जुळतो का ते यात वेगवेगळ्या उजेडांखाली बघतात: डी६५ म्हणजे दिवसाचा उजेड, टीएल८४ म्हणजे युरोपातल्या दुकानांचा, शिवाय यूव्ही. सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यात गेलात की अशी पेटी दिसणारच. टीएल८४ ही मुळात फ्लुरोसंट नळी आहे. आता एलईडीच्या पेट्या मिळतात, पण खरेदीदाराने करारात टीएल८४ लिहिलं असेल तर लॅबवाले सहजासहजी बदलत नाहीत आणि त्यांचा मुद्दा रास्त आहे.

माश्यांचं यंत्र आणि शेड मॅचिंगची पेटी या इमारतीला पक्क्या जोडलेल्या वस्तू नाहीत, हलवता येणारी उपकरणं आहेत. त्या अटीच्या कक्षेत येतात की नाही यावर वाद घालता येतो. मी वाद घातला नाही. कक्षेबाहेरच्या वस्तूंचा वेगळा तक्ता केला, प्रत्येकीपुढे ती बाहेर का हे एका ओळीत लिहिलं आणि पाऱ्याची स्थितीही लिहिली. तपासणाऱ्याला साइटच्या फोटोत ती पेटी दिसणारच होती. आपण आधी सांगितलं तर तो प्रश्न राहत नाही, त्याने शोधली तर बाकीच्या कागदांवरचाही विश्वास जातो.

ट्रान्सफॉर्मरबद्दलही एक सांगायला हवं. कारखान्याच्या आवारात तेलाचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्यावर बुखहोल्झ रिले (आत बिघाड झाला की इशारा देणारा) असतो, शिवाय तेलाचं आणि वाइंडिंगचं तापमान दाखवणारे इंडिकेटर. जुन्या घडणीत या तिन्हींमध्ये पाऱ्याचे स्विच असत. काचेची बारीक कुपी, ती कलली की पारा वाहून संपर्क जुळतो. नव्या बुखहोल्झमध्ये चुंबकावर चालणारा रीड स्विच मिळतो. आमचा ट्रान्सफॉर्मर ऑफिसच्या हद्दीबाहेर होता म्हणून तो बाहेरच्या तक्त्यात गेला, पण रुग्णालयाचा स्वतःचा असेल तर ऑर्डर देतानाच रीड स्विच मागून घ्या. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने स्विच आणि रिलेंसाठी २०२० ची मुदत घातली होती, पण देशांना वाढीव मुदत मागायची सोयही त्यात होती. त्यामुळे मुदत उलटली म्हणजे बाजारातला माल आपोआप स्वच्छ झाला असं धरून चालू नका.

रंग आणि फ्लोअरिंग यांचा प्रश्न दर वेळी निघतो. पाण्याच्या रंगात बुरशी लागू नये म्हणून पूर्वी फिनाइल मर्क्युरी ॲसिटेट घालत. अमेरिकेने घरातल्या लॅटेक्स रंगांत ते १९९० मध्ये बंद केलं. पीयू फ्लोअरिंगमध्ये फिनाइल मर्क्युरीची संयुगं उत्प्रेरक म्हणून वापरात होती. युरोपने त्यांपैकी पाच संयुगांवर ऑक्टोबर २०१७ पासून ०.०१ टक्क्याची मर्यादा घातली. एक्स०१ मधला पाऱ्याचा भाग यासाठी नाही, पण लॅबमध्ये किंवा जिममध्ये पीयू फ्लोअर करणार असाल तर उत्प्रेरक कोणता हे विचारा. नुसतं सेफ्टी डेटा शीटवर समाधान मानू नका, कारण थोड्या प्रमाणातले घटक तिथे सुटून जातात.

मंजूर एक, बसवलं दुसरं

तिसऱ्या फेरीत फाईल परत आली ती यामुळे. जिन्यातल्या एक्झिट फलकांचं पत्र अगदी व्यवस्थित होतं. पण मंजूर मॉडेल वेळेवर आलं नाही, उद्घाटनाची तारीख गड्ड्याच्या यात्रेआधीची ठरलेली, आणि कंत्राटदाराने पुण्याहून दुसऱ्या कंपनीचे फलक मागवून लावले. तेही एलईडीच होते. काम चांगलं झालं होतं. फक्त मला कोणी सांगितलं नाही आणि मी जुनंच पत्र लावलं. साइटच्या फोटोत फलकाच्या कोपऱ्यात दुसऱ्या कंपनीचं नाव स्पष्ट वाचता येत होतं.

अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, “मॅडम, माल तर भारीतला लावलाय, मग अडचण काय?” त्यांना अडचण समजावून सांगणं हे माझं काम होतं आणि ते मी सुरुवातीला केलंच नव्हतं. लावलेला माल अटीप्रमाणे आहे अशा हमीपत्रावर सही कंत्राटदाराची. ज्या वस्तूसाठी तो सही करतो ती बदलली तर सही चुकीच्या वस्तूवर पडते. हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःच नियम केला: माल बदलायचा असेल तर आधी खोक्याचा फोटो मॅडमला.

खोक्याचा विषय निघालाच आहे म्हणून: खोकं आणि आतलं माहितीपत्रक टाकू देऊ नका. ई-कचरा नियमांनुसार रोह्सचं पालन केल्याची घोषणा उत्पादकाने वापराच्या माहितीपत्रकात द्यायची असते. बारीक अक्षरातली ती घडीची चिठ्ठी हा फुकटात मिळालेला पुरावा आहे, आणि साइटवर तो पहिल्या तासात कचऱ्यात जातो. आता प्रत्येक मॉडेलचं एक खोकं आणि एक चिठ्ठी मामा स्टोअरमध्ये वेगळ्या पेटीत ठेवतात.

माझा आताचा तक्ता साधा आहे. एका ओळीत एक मॉडेल. त्यापुढे जागा, संख्या, बिलाचा क्रमांक, बसवलेल्या वस्तूच्या नेमप्लेटचा फोटो, उत्पादकाच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख, आणि पारा: ‘नाही’, ‘०.१ टक्क्याच्या आत’ किंवा ‘इतके मिलिग्रॅम’. मॉडेल नंबर बिल, फोटो आणि पत्र या तिन्हीकडे अक्षरशः सारखा असेल तेव्हाच त्या ओळीला हिरवा रंग. नेमप्लेट दिवा चढवण्याआधी टिपायची. छत बंद झाल्यावर शिडी लावून फोटो काढण्यात आमचे दोन दिवस गेले.

आणि सगळ्यात उपयोगी पडलेला बदल: खरेदी ऑर्डरमध्ये एक कलम. आशय असा की प्रत्येक मॉडेलसाठी उत्पादकाचं मर्क्युरीबाबतचं घोषणापत्र मालासोबत येईल आणि ते आल्याशिवाय शेवटचे दहा टक्के बिल निघणार नाही. बिल निघाल्यावर मागितलेलं पत्र महिनाभर येत नाही. बिल अडलेलं असताना ते दोन दिवसांत येतं.

उत्पादक उत्तरच देत नसेल तर

दुकानदारामार्फत विचारू नका, तो निरोप मध्येच अडकतो. कंपनीच्या वेबसाइटवर गुणवत्ता किंवा नियमपालन विभागाचा पत्ता असतो, तिथे थेट लिहा. ईमेलमध्ये एकच प्रश्न विचारा, मॉडेल नंबर द्या, नेमप्लेटचा फोटो जोडा आणि त्यांना सही करून परत पाठवता येईल असा पत्राचा मसुदा स्वतः तयार करून द्या. निर्यात करणाऱ्या कंपन्यांकडे युरोपसाठीची कागदपत्रं बहुधा तयार असतात. ईएन आयईसी ६३००० नुसार केलेलं तांत्रिक दस्तऐवजीकरण आहे का असं विचारलं की फोन योग्य टेबलावर जातो. आठ दिवसांत दोनदा विचारून उत्तर नाही आलं तर वस्तू बदला. स्वस्त वस्तूसाठी प्रयोगशाळेचा खर्च करण्यात अर्थ नाही.

उतरवलेल्या नळ्यांचं काय करायचं

मुख्य कारण शेवटी सांगते म्हटलं होतं. नव्या ऑफिसात जायच्या आधी कारखान्याचं जुनं ऑफिस रिकामं झालं. तिथल्या ट्यूबा उतरवून पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. एप्रिल महिना, शेड बंद. खाली फुटलेल्या नळ्यांच्या काचा आणि पांढरी भुकटी, आणि झाडलोट करणाऱ्या मावशी ती खराट्याने गोळा करत होत्या. नाकाला पदरसुद्धा नव्हता.

पारा साध्या तापमानालाही वाफ होतो. २० अंशांना त्याच्या वाफेचा जो दाब असतो तो ४० अंशांना साधारण पाचपट होतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल याचा अंदाज त्यावरून बांधा. एका नळीत तीन-साडेतीन मिलिग्रॅमच असतो, जुन्या जाड नळ्यांत त्याहून जास्त, पण तिथे शेकड्याने नळ्या होत्या. वाफेला वास नाही, रंग नाही. मावशींना कोणी सांगितलंच नव्हतं की यात काही असतं. मी त्यांना बाहेर बोलावलं, शेडची दारं उघडी टाकायला लावली आणि सुपरवायझरशी बोलले. मला त्या दिवशी राग आला होता, तो अजून आहे. आपण नव्या इमारतीच्या मिलिग्रॅमसाठी ईमेलवर ईमेल करत होतो आणि जुन्या इमारतीचा पारा मावशींच्या खराट्याखाली होता.

फुटलेली नळी झाडूने किंवा व्हॅक्यूमने गोळा करायची नाही, त्याने भुकटी उडते. आधी माणसं बाहेर काढायची, खिडक्या-दारं उघडून, एसी बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे उचलायचे, बारीक भुकटी चिकटपट्टीने टिपायची, ओल्या कागदाने फरशी पुसायची आणि हे सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरायचं. अखंड नळ्या मूळ खोक्यात किंवा उभ्या पुठ्ठ्याच्या पेटीत, सावलीत ठेवायच्या. पारा असलेले दिवे ई-कचऱ्याच्या यादीत येतात. भंगारवाल्याला द्यायचे नाहीत, नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यायचे आणि पावती घ्यायची.

आम्ही जुन्या ऑफिसच्या नळ्या आणि माश्यांच्या यंत्रातल्या काढलेल्या निळ्या नळ्या एकत्र पाठवल्या. माश्यांच्या यंत्राऐवजी कॅन्टीनच्या दाराला जाळी आणि एअर कर्टन बसवला. नळ्यांची पावती चौथ्या फेरीच्या फाईलला बाहेरच्या वस्तूंच्या तक्त्यामागे जोडली. ती कोणी मागितली नव्हती. चौथ्या फेरीत फाईल मंजूर झाली, आणि त्या आठवड्यात मामांनी स्टोअरमधल्या इतर कामगारांना आणि मावशींना बसवून फुटलेली नळी कशी उचलायची ते एक रिकामी बरणी आणि पुठ्ठा घेऊन करून दाखवलं.